तलावपाळीची एक रात्र, बाबांचा याशिका आणि माझा डिजिटल: अंधारात रोल खरंच चालतो का?

नौपाड्याचा_बंड्या · रा. ११:४७

मंडळी, आधीच सांगतो, रोल भारी की डिजिटल भारी हा वाद उकरायला मी आलेलो नाही. माझा प्रश्न फक्त अंधारापुरता आहे.

झालं असं, की दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन सापडला. मामांनी मस्कतहून आणलेला, ४५ मिमीची एफ १.७ लेन्स, काच अजून लख्ख. बॅटरीचा जुगाड केला, इलफर्डचा एचपी५, म्हणजे ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला आणि त्रिपुरी पौर्णिमेला गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून बाहेर पडलो, एक हा आणि दुसरा माझा क्रॉप सेन्सरवाला मिररलेस ३५ मिमी एफ १.८ लावून. आधी कोपिनेश्वराच्या देवळात पणत्या, मग बाहेर तलावपाळीवर कट्ट्यावरची माणसं, पाणीपुरीच्या गाड्या, पाण्यातली रोषणाई. शक्य तिथे एकच फ्रेम दोन्हीवर घेतली.

डिजिटल ३२०० आयएसओवर ठेवला होता (हा आकडा जितका मोठा तितक्या कमी प्रकाशात भागतं). याशिकावर १६०० लावायला गेलो तर डायल १००० लाच संपतं, मग तिथेच ठेवलं आणि लॅबवाल्याला सांगितलं दोन स्टॉप पुश कर, म्हणजे जास्त वेळ धू (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

आता निकाल. डिजिटलचे दोनशेच्या वर फोटो, त्यातले दीडशे तरी बघण्यासारखे. रोलच्या ३६ पैकी ११ मध्ये काहीतरी दिसतंय, बाकी काळोख आणि त्यात रव्यासारखा ग्रेन. देवळातल्या बायकांचे चेहरे तर गायबच. रोल, धुलाई, स्कॅन धरून एका क्लिकचे चाळीसेक रुपये पडले आणि त्यातले पंचवीस क्लिक काळे, म्हणजे हजार रुपयांचा अंधार विकत घेतला म्हणा की!

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. डिजिटलमध्ये पणतीची ज्योत म्हणजे पांढरा कागद कापून चिकटवल्यासारखी आहे, नुसता डाग. आणि रोलच्या त्या अकरा फोटोंत ज्योतीला ज्योतीचा आकार आहे, मधला काळसर भाग, वरचं टोक, सगळं. हे कसं काय? आणि चेहरे कुठे गेले?

---

फोटॉन_मोजणारा_ऐरोली · रा. १२:२०

झोप येत नाहीये म्हणून सविस्तर लिहितो.

पावसात गॅलरीत वाटी ठेवली आणि शेजारी परात ठेवली तर परातीत जास्त पाणी जमणार, बरोबर? प्रकाशाचं तेच. तो सलग धार म्हणून येत नाही, थेंबाथेंबाने येतो आणि थेंब कधी दोन जास्त कधी दोन कमी. एका ठिकाणी सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा म्हणजे १०० चा, एक टक्का, डोळ्याला कळतही नाही. तेच १०० फोटॉन पडले तर चढउतार १० चा, म्हणजे सरळ दहा टक्के. अंधारातला नॉईज मुख्यतः हाच. लोक म्हणतात आयएसओ वाढवला म्हणून नॉईज आला, खरं तर प्रकाश कमी होता म्हणून आला, आयएसओने तो फक्त मोठा करून दाखवला.

आता रोल आणि सेन्सरमधला फरक. फिल्मवर पडलेल्या शंभर फोटॉनांपैकी एखाद-दोनच कामाला येतात. आजचा चांगला सेन्सर निम्म्याहून जास्त पकडतो. त्याच्यावर लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरची जाळी असते, ती बराच प्रकाश खाते, ते धरूनही सेन्सर फिल्मच्या कितीतरी पुढे. त्यामुळे तुझा निकाल अपेक्षितच होता. २००७ साली निकॉन डी३ आला आणि ६४०० आयएसओ सरळ मेनूत मिळायला लागला तेव्हाच ही मॅच संपली, २०१४ च्या सोनी ए७एसवर तर आकडा ४,०९,६०० पर्यंत गेला. तिकडे इलफर्डच्या डेल्टा ३२०० डब्यावर ३२०० लिहिलंय खरं, पण त्या रोलचा मूळ वेग १००० च्या आसपासचा, बाकीचं सगळं पुश.

ज्योतीचं म्हणशील तर सेन्सरचा पिक्सेल म्हणजे बादली, भरली की भरली, वर ओतलं ते वाहून जातं, पांढरं. निगेटिव्ह फिल्म तशी एकदम भरत नाही, जास्त प्रकाशाला ती हळूहळू दमते आणि दमता दमता फरक टिपत राहते. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाईलमध्ये, पाऊण-एक स्टॉप कमी एक्स्पोज केलं असतंस तर डिजिटलमध्येही ज्योत राहिली असती, सावल्या नंतर उचलता आल्या असत्या.

---

रीळ_उरलंय · स. ७:०५

ऐरोलीकरांचं गणित बरोबर असेल, पण त्यांनी कधी बाथरूममध्ये लाल बल्ब लावून प्रिंट काढली नसणार हे लिहिण्यावरूनच कळतं. राग नको, गंमत करतोय.

मी वर्तमानपत्रासाठी बरीच वर्षं नाटकांचे फोटो काढले, गडकरी रंगायतनात पहिल्या रांगेच्या कडेला बसून. फ्लॅश मारायचा नाही, नटाचं लक्ष विचलित झालं तर तो प्रयोग थांबवून तुमच्याकडे बघणार, मेलात! त्या काळी हाताला लागायचा पूर्व जर्मनीचा ओर्वो एनपी २७, म्हणजे ४०० चाच, नाहीतर ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. कोडॅकचा ट्राय-एक्स मिळाला तर दिवाळी, तो सणासारखा जपून वापरायचा. १६०० ला रेट करायचा, म्हणजे १६०० चा समजून फोटो काढायचे, आणि घरी डी-७६ डेव्हलपरमध्ये जास्त वेळ धुवायचा. ग्रेन यायचा, पण तेव्हा छपाईची जाळीच इतकी जाड असायची की ग्रेन कुणाला दिसतोय.

बंड्या, तू पुशबद्दल एक गैरसमज करून घेतलायस असं दिसतंय, सगळेच करतात. पुश केल्याने फिल्म जास्त प्रकाश पकडत नाही. जो पडलाय तो निगेटिव्हवर जास्त काळा करून देते इतकंच. जिथे थोडंफार पडलंय तिथे उचलून येतं, जिथे पडलंच नाही तिथे तासभर धुतलंस तरी पारदर्शकच राहणार. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढतो. निगेटिव्ह हातात आहेत का? आधी ते खिडकीवर धरून बघ. स्कॅनवर जाऊ नकोस, लॅबचं मशीन काळं दिसलं की आपोआप उजळ करायला जातं, तुझा तो रवा अर्धा तिथला आहे.

---

सीवूड्सची_पाखरं · स. ९:३१

माझे दोन पैसे. मी पहाटे फ्लेमिंगो काढते, कधी ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने, कधी इथे मागच्या पाणथळीत. सूर्य वर यायच्या आधी उडणारा थवा हवा असेल तर शटर हजाराच्या आसपास लागतं, आयएसओ आपसूक ६४०० च्या पुढे जातो. तिथे रोलचं नावही काढू नका. बसल्या बायका आणि पणत्या असतील तर तुमचं चालू द्या.

---

पेठेतला_पक्या · स. १०:१२

एक मूर्ख प्रश्न, माझा फोन ह्या दोघांपेक्षा बरा दिसतो रात्री, तो कसा काय? सेन्सर तर नखाएवढा.

---

फोटॉन_मोजणारा_ऐरोली · स. १०:४०

@पक्या मूर्ख नाही, सगळ्यात चांगला प्रश्न आहे. फोन एक फोटो काढतच नाही. नाईट मोडमध्ये तो धडाधड नऊ-दहा फोटो काढून एकमेकांवर रचतो, नऊ रचले की नॉईज तिपटीने कमी. छोटी वाटी नऊ वेळा भरून परातीत ओतली, झालं. फक्त माणूस हलला की त्याला कळत नाही कुठला हात खरा, मग तो गालावरून इस्त्री फिरवल्यासारखा चेहरा देतो. आरतीत टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात बघ कधीतरी.

---

नौपाड्याचा_बंड्या · दु. १:१८

@रीळ_उरलंय काका, धरलं खिडकीवर. च्यायला! चेहऱ्यांच्या जागी निगेटिव्ह चक्क रिकामी आहे, खालचं वर्तमानपत्र वाचता येतंय. म्हणजे तिथे काही पडलंच नाही? पण कॅमेरा तर ऑटो आहे ना, त्याने स्वतः शटर ठरवलं, मग कमी का पडलं?

---

पारसिकचा_स्टँड · दु. २:०२

ह्याचं उत्तर मला ठाऊक आहे कारण माझ्याकडे हाच कॅमेरा होता. इलेक्ट्रोमध्ये अ‍ॅपर्चर तू लावतोस आणि शटर तो ठरवतो, अगदी ३० सेकंदांपर्यंत. पण त्याचा प्रकाश मोजणारा मीटर लेन्समधून बघत नाही, पुढच्या अंगाला वेगळा डोळा आहे आणि तो समोरच्या सगळ्याची सरासरी काढतो. फ्रेममध्ये वीस पणत्या असल्या की त्याला वाटतं उजेडच उजेड, तो पटकन शटर मिटतो. चेहरे बिचारे काळे. वर लॉक करायची सोय नाही. बटण अर्धं दाबल्यावर पिवळा दिवा लागला का एकदा तरी? तो १/३० पेक्षा हळू शटर असलं की लागतो. देवळात लागला नसेल तर तिथेच कळायला हवं होतं.

बाकी मी ह्या हातातल्या भानगडीत पडत नाही, सरळ स्टँड लावतो. बेलापूरला पारसिक हिलवर जाऊन खाली दिवे. पण तिथे रोलचं वेगळंच नाटक. मीटरने १० सेकंद सांगितले तर एचपी५ ला २० द्यावे लागतात, ३० सांगितले तर जवळजवळ ८६. प्रकाश फार मंद असला की फिल्म आळशी होते.

---

फोटॉन_मोजणारा_ऐरोली · दु. २:२५

आळशी नाही हो. चांदीच्या मिठाचा एक कण डेव्हलप होण्याच्या लायकीचा व्हायला त्यात तीन-चार तरी चांदीचे अणू एका जागी जमावे लागतात. एक अणू जमला आणि दुसरा यायला उशीर झाला तर पहिला परत विरघळून जातो. मंद प्रकाशात नेमकं हेच होतं, जमा होण्याआधीच खर्च. महिनाअखेरच्या आपल्या खात्यासारखं.

---

पारसिकचा_स्टँड · दु. २:३१

हे आवडलं. फुजी अ‍ॅक्रॉस मात्र दोन मिनिटांपर्यंत काही वाढवून मागत नाही, अपवाद म्हणून. आणि डिजिटलवाल्यांनी हसू नये, लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन चालू ठेवलंत तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद शटर मिटून काळा फोटो काढतो आणि पहिल्यातून वजा करतो, तेवढ्यात मागून वॉचमन येऊन विचारतो परमिशन आहे का. मला दोनदा उठवलंय.

---

पिवळा_सोडियम · सं. ६:५०

रंगाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी.

आधी पाम बीच रोडला रात्री सगळं केशरी असायचं, सोडियमचे दिवे. त्या दिव्यात निळा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, निळी साडी मातकटच येणार, जे आलंच नाही ते कुठून काढणार, वर काका म्हणाले तेच. तेव्हा मी ब्लॅक अँड व्हाइटच बरं म्हणायचो. आता एलईडी आले, रंग सुधारले पण नवीन दुखणं आलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलंत की फोटोवर आडवे पट्टे. नवरात्रात टेंभीनाक्याला रोषणाईचे शंभर फोटो काढले, घरी येऊन बघतो तर देवीच्या मागे झेब्रा. मेकॅनिकल शटरवर १/५० किंवा १/१०० ठेवा, सुटाल. याशिकाचं लीफ शटर सगळी फ्रेम एकदमच उघडतं, त्याला ह्या पट्ट्यांचं काही देणंघेणं नाही, हा एक मुद्दा रोलच्या बाजूने लिहून ठेवा.

आणि रंगीतच रोल हवा असेल तर सिनेस्टिल ८००टी एकदा करून बघ. कोडॅकचा सिनेमावाला ५००टी रोल असतो, त्याच्या पाठीवरचा काळा थर काढून टाकलेला. तो थर नसल्याने दिव्याचा प्रकाश आत आपटून परत येतो आणि दिव्याभोवती लाल वलय पडतं. दोष आहे खरं तर, पण लोक त्यासाठीच पैसे देतात. तीन फोटो छान वाटतं, छत्तीस फोटो तेच वलय बघून मला तरी शिसारी आली.

---

पेठेतला_पक्या · सं. ७:१५

म्हणजे शेवटी रोल घ्यायचा की नाही

---

रीळ_उरलंय · सं. ७:४४

पक्या, तू चहा घे.

बंड्या, तुझे बाबा आहेत ना घरी? तो कॅमेरा त्यांचा, त्यांना विचारलंस का ते रात्री कसे काढायचे? आम्ही इथे आकडे पाजळतोय आणि ज्याने तो वापरला तो माणूस बाजूच्या खोलीत बातम्या बघत असेल.

---

नौपाड्याचा_बंड्या · रा. १०:०९

काका, खरंच बातम्याच बघत होते.

विचारलं तर आधी म्हणाले, "इतके दिवस हात लावायला कोणी तयार नव्हतं, आता काय?" मग कॅमेरा हातात घेतला आणि बघितल्या बघितल्या म्हणाले, डायल १००० वर कशाला ठेवलंयस. म्हंटलं अंधार होता. तर म्हणे, "अंधार असू दे, समोर दिवा होता ना? दिवा समोर असला की डायल खाली आणायचं. तो दिव्याला बघून फसतो, त्याला आपण आधीच फसवायचं." त्यांच्या काळात ४०० चा रोल असला की समईसमोर ते डायल १०० वर ठेवायचे, म्हणजे मीटरच्या मताच्या दोन स्टॉप जास्त. आणि पिवळा दिवा लागला की श्वास सोडून कोपर पोटाला, नाहीतर देवळाचा खांब. आरसा नाही त्यामुळे धक्का नाही, १/१५ आरामात निघतं म्हणाले. एवढं सगळं त्यांनी टीव्ही म्यूट न करता सांगितलं.

आता दुसरा रोल भरलाय. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार येतोय, वहिनी घरी पोथी वाचते, ट्यूब बंद करून समईवर काढून बघतो. ह्या वेळी १६०० ला पुश करून डायल ४०० वर.

---

पारसिकचा_स्टँड · रा. १०:३०

डायल फिरवून भरपाई! हे मला वीस वर्षांत सुचलं नाही. तीर्थरूपांना नमस्कार सांग.

---

नौपाड्याचा_बंड्या · तीन आठवड्यांनी, रा. ९:२२

धागा वर काढतोय.

रोल आला. त्या गुरुवारी १९ फोटो काढले होते समईसमोर, बाकी रोल असाच घालवला. १९ पैकी ७ हलले, माझीच चूक, पिवळा दिवा सारखाच लागत होता आणि माझं कोपर काही बाबांसारखं पोटाला टेकत नाही, पोट जास्त आहे असं वहिनीचं मत. उरलेल्या १२ मध्ये चेहरे आहेत! खिडकीवर धरलं तर निगेटिव्हमध्ये गालाच्या जागी राखाडी रंग दिसतोय, वर्तमानपत्र वाचता येत नाही. ग्रेन आहे पण रवा नाही, पिठीसाखर म्हणा. आणि ज्योती तशाच शाबूत, थोड्या जाड झाल्यात.

त्याच वेळी डिजिटलवर पुतणी काढत होती, ३२०० आयएसओ, १/६०. तिचे सगळे फोटो स्वच्छ, वहिनीच्या कुडीतले मोतीसुद्धा मोजता येतात. ह्या वेळी तिला एक स्टॉप खाली काढायला सांगितलं होतं, तर तिच्याही ज्योती बऱ्याच वाचल्या. तेव्हा ऐरोलीकर, तो मुद्दाही तुमचाच.

म्हणजे पहिल्या रोलचा काळोख बराचसा मीटरचा आणि माझ्या अडाणीपणाचा होता, फिल्मचा कमी. पण फरक उरतोच.

---

फोटॉन_मोजणारा_ऐरोली · रा. ९:५०

किती उरतो तेही सांगतो. तू रोलला ४०० चा प्रकाश दिलास, पुतणीने ३२०० वर काढला, त्यातही एक स्टॉप कमी. म्हणजे डिजिटलने आठपट कमी प्रकाश वापरून जास्त स्वच्छ फोटो दिला, तीन स्टॉप, शिवाय तो खालचा एक. तुझे सात फोटो हलले ते ह्या तीन-चार स्टॉपपायीच, पोटावर ढकलू नकोस. तिला १/६० मिळालं, तुला १/८ ते १/४ वगैरे मिळालं असणार.

बाकी ते बारा टाक ना इथे, बघायचेत. गणित बाजूला ठेवून विचारतोय.

---

रीळ_उरलंय · रा. १०:०५

स्कॅन टाकू नकोस. चरईत माझा एन्लार्जर अजून चालू आहे, निगेटिव्ह घेऊन ये रविवारी, दोन प्रिंट काढू. बाबांनाही आण. ऐरोलीकरांनीही यावं, लाल बल्बखाली गणित बंद असतं.

---

फोटॉन_मोजणारा_ऐरोली · रा. १०:०८

येतो. ठाणे-वाशी लोकल पकडून अर्ध्या तासात.

---

पेठेतला_पक्या · रा. १०:४१

आत्याकडे पण एक इलेक्ट्रो निघालाय!! सेल कुठला घातलास रे

---

नौपाड्याचा_बंड्या · रा. १०:५५

@पक्या मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता, तो आता मिळत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घे आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा अ‍ॅडॅप्टर बसव, अर्ध्या व्होल्टने त्याला फरक पडत नाही. दुकानदार १२ व्होल्टचा रिमोटवाला सेल पुढे करेल, साधारण तसाच दिसतो, घेऊ नकोस. आणि सेल न घालता बटण दाबून बघितलंस तरी शटर वाजतं, त्याला भुलू नकोस, सेल नसला की तो सगळे फोटो १/५०० लाच काढतो. अंधारात तर मग विचारूच नको.